तुगरा जॅकार्डवर विणायचाय, अरबी अक्षरांचं कसं करायचं?

साखरपेठी_माग
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात जॅकार्डची (मागावर चित्र विणायच्या यंत्राची) डिझाईनं करतो. थोड्या चादरी, थोडे टॉवेल, बाकी सगळं वॉल हँगिंग. देवांची, पुढाऱ्यांची, लग्नातल्या जोडप्यांची चित्रं भरपूर काढून झालीत. आता विजापूर वेशीतल्या एका गिऱ्हाइकाला नव्या घराच्या बैठकीसाठी तुगरा (भिंतीवर लावायचं नटवलेलं अरबी लिखाण) विणून हवाय. आयतुल कुर्सी (कुराणातली एक आयत, म्हणजे वचन), ३० इंच रुंद, ४५ इंच उंच, काळ्यावर सोनेरी. त्यांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तो ग्राफवर घेतला की गोलाईच्या पायऱ्या पडतात आणि बारीक ठिपके-रेघा गायबच होतात. जॅकार्ड जुना आहे, ६०० हुकांचा, म्हणजे रुंदीत ग्राफची ६०० घरं.

मला अरबी वाचता येत नाही. पुढाऱ्याच्या मिशीत दोन घरं इकडची तिकडं झाली तर कुणी विचारत नाही. इथं काय हलवलं तर चालतं आणि कशाला हात लावायचा नाही, तेच कळेना. जाणकारांनी सांगावं. आणि मुळात असलं विणणं त्यांच्यात चालतं का, तेही सांगा. उगाच कुणाचं मन दुखायला नको.

खडूस_सोलापूरकर
फ्लेक्सवर छापून फ्रेम मारा म्हणावं. कशाला डोक्याला ताप.

बेगमपेठ_फ्रेमवाला
खडूसराव, फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पिवळा पडतो. सोलापूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं.

मागवाले दादा, माझा धंदा फ्रेमिंगचा, त्यामुळे तुगरे रोज हातात असतात. आपल्याकडं मागणी ठरलेली: आयतुल कुर्सी, चार कुल, लोहे कुरआनी, आणि मक्का-मदिनेच्या चित्राभोवती लिहिलेले कलमे (श्रद्धेची वचनं). चार कुल म्हणजे 'कुल' या शब्दानं सुरू होणाऱ्या चार सूरा (कुराणातले अध्याय), १०९, ११२, ११३ आणि ११४. लोहे कुरआनीत सुटी अक्षरं असतात, अलिफ-लाम-मीम, या-सीन अशी. कुराणातल्या २९ सूरांच्या सुरुवातीला ती येतात. जुन्या घरांतून अजून काचेवर उलट्या बाजूनं रंगवलेले तुगरे येतात, मागं चुरगाळलेली चंदेरी पन्नी लावलेली. दिवा लावला की अक्षर लखलखतं. फ्रेम बदलायला आणतात तेव्हा मी पन्नीला हात लावत नाही. ती निघाली की रंगाचे पोपडे तिच्याबरोबर येतात.

विणायला हरकत नाही, भिंतीवरच राहणार असेल तर. वर लावायचा, झोपताना पाय त्याच्याकडं होऊ नयेत, न्हाणीघराच्या भिंतीला नको. अंगावर घ्यायच्या किंवा अंथरायच्या कपड्यावर आयत नको, ती पायाखाली येते. मजारीवर चढवायच्या चादरीवर आयती काढायलासुद्धा काही उलमा (धर्मपंडित) याच कारणानं हरकत घेतात. आणि एक, माल बिघडला तर तो तुकडा पोछ्याला जाऊ देऊ नका. मशिदीत द्या, जुने कागद तिथं अदबीनं दफन करतात.

साखरपेठी_माग
हे चांगलं सांगितलंत की ओ. आमच्याकडं बिघडलेला तुकडा मशीन पुसायलाच जातो. कामगारांना आधीच सांगून ठेवतो.

तिरका_कत
धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी काही वर्षं खत्ताती (अरबी सुलेखन) शिकतेय, उस्ताद व्हायला अजून बराच पल्ला आहे. लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

दादा, तुमच्या अडचणीचं मूळ असं की अरबी अक्षर मापानं बांधलेलं असतं. बोरूला तिरका कत (छाट) देऊन कागदावर दाबला की चौकोनी ठिपका पडतो, टोकावर उभा राहिलेला. हा नुक्ता. बाकी सगळी अक्षरं या ठिपक्यांत मोजायची. उभा अलिफ (पहिलं अक्षर, नुसती उभी रेघ) नस्ख वळणात साधारण ५ नुक्ते, सुलुसमध्ये ७, नस्तालीकमध्ये ३. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला यानं ही शिस्त लावली असं मानतात. राजकारणात अडकून त्याचा उजवा हात तोडला गेला, तो भाग वेगळा. पुढं इब्न अल-बव्वाब आणि तेराव्या शतकातला याकूत अल-मुस्तासिमी यांनी ती पक्की केली. त्यामुळे कुणाचा तुगरा चांगला आणि कुणाचा भंगार, हे बघायला अरबी यावं लागत नाही. एक नुक्ता कागदाच्या पट्टीवर उतरवून घ्या आणि त्याच पट्टीनं सगळे अलिफ मोजा. सगळे एका मापाचे आणि एकाच कलाचे भरले तर माणूस शिकलेला. एक ७, एक साडेपाच, एक ८ असे निघाले तर ते कुणीतरी संगणकावर ताणलेलं आहे. व्हॉट्सॲपवरची निम्मी चित्रं तसलीच, फ्रेमच्या मापात बसवायला आडवी-उभी ओढलेली.

आता तुमचा ग्राफ. ६०० हूक ३० इंचांत म्हणजे इंचाला २०. दोन्हीकडं चार-चार इंच नक्षी सोडलीत तर लिहायला उरले ४४० हूक. आयतुल कुर्सीत ५० शब्द आहेत. ते बसवायला नुक्ता ५ घरांच्या वर जाणार नाही. आणि जेर-जबर-पेश (अक्षरांच्या वर-खाली येणाऱ्या स्वरांच्या खुणा) बारीक कलमानं लिहितात, सुलुसमध्ये मुख्य कलमाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या. म्हणजे जबरला तुमच्याकडं एक, फार तर दीड घर उरलं. तुम्हाला जे 'गायब' होताना दिसतंय, ते हेच.

कशाला हात लावायचा नाही, तर:

अक्षराचे ठिपके. बे, ते, से ही तिन्ही बुडखा एकच असलेली अक्षरं, फरक फक्त ठिपक्यांच्या संख्येत आणि जागेत. ठिपका गेला की शब्द दुसरा. ठिपका थोडा सरकला तर चालतो, खत्तातसुद्धा जागा बघून सरकवतात, पण शेजारच्या अक्षराच्या हद्दीत नको.

जेर-जबर गाळूनही मजकूर तोच राहतो, जुन्या शिलालेखांत ती बहुधा नसतातच. पण घरातल्या मंडळींना बघून म्हणायचं असेल तर ती हवीत. अर्धी ठेवून अर्धी गाळली हे सगळ्यात वाईट.

मग उरतात ती भरावाची चिन्हं. सुलुसच्या फलकात मोकळ्या जागी उडत्या पक्ष्यासारखी एक खूण, छोटे मीम, आणि बिनठिपक्याच्या 'हे' या अक्षराखाली त्याच अक्षराचं इवलंसं पिल्लू दिसेल. ते पिल्लू म्हणजे 'इथं ठिपका नाही, विसरलेला नाही' अशी ग्वाही. यातलं काही काढलंत तर अर्थ हलत नाही, पण फलकाचा तोल जातो. आणि कुठलं चिन्ह कशातलं, हे न वाचणाऱ्याला कळणार नाही. म्हणून ग्राफ कुणाला तरी दाखवल्याशिवाय मागावर चढवू नका.

खडूस_सोलापूरकर
प्रतिसाद आवडला, वाचनखूण साठवली. पण इतका खटाटोप का? त्यांच्यात चित्र काढायला बंदी म्हणून अक्षरावर सगळी हौस भागवली, एवढंच ना?

फिरस्ता_४१३
खडूसराव, हे सगळीकडं वाचायला मिळतं, पण आपल्या शेजारचं विजापूरच ते खोडून काढतं. इब्राहिम आदिलशहा दुसरा, राज्य १५८० ते १६२७. त्याची स्वतःची चित्रं दख्खनी चितारांनी ढिगानं काढली, आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. गडी गाणी रचायचा, त्यांत सरस्वती-गणपतीलाही वंदन केलं. आणि त्याच गाण्यांची सुंदर प्रत लिहून देणाऱ्या खलीलुल्लाहला त्यानं 'बादशाहे कलम' असा किताब दिला. चित्रं होती, चितारी होते, तरी मान लेखणीला. चित्र नाही म्हणून अक्षर आलं हा हिशेबच तिथं जुळत नाही. मशिदीत-मजारीत माणसांची चित्रं नसतात हे खरं, पण वचन हेच ज्यांच्यासाठी पवित्र, ते वचन नटवणारच.

विजापुरातला इब्राहिम रौजा (त्याची मजार) बघितला नसाल तर बघा, सोलापूरहून शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून रात्री घरी. १६२६-२७ च्या सुमाराचं काम. मजारीच्या भिंती बाहेरून लेखांच्या आणि भूमितीच्या उथळ कोरीव फलकांनी भरल्यात. अख्खं कुराण कोरलंय असं गाईड ठोकून देतात, तसं नाही, निवडक आयती आहेत. माझं आवडतं म्हणजे खिडक्या. दगडाची जाळी, पण जाळीची नक्षी म्हणजेच अक्षरं. अक्षराचा दगड ठेवलाय आणि मधली जागा कोरून आरपार केलीय. आतल्या अंधारात उभं राहून वर बघितलं की अक्षर काळं आणि भोवती उजेड. बाहेरून तेच धड वाचता येत नाही. मागवाल्यांनी तर बघावंच. कारण तिथं कुठलंच अक्षर सुटं ठेवता येत नव्हतं, सुटा ठिपका म्हणजे खाली पडणारा दगड. प्रत्येक ठिपका कशाला ना कशाला टेकवलाय.

गोल घुमटाच्या दक्षिण दरवाज्यावर तीन फारसी वाक्यं आहेत, पर्यटक त्यांच्याखालून आवाज घुमवायला पळतात. प्रत्येक वाक्यातल्या अक्षरांचे अबजद पद्धतीनं आकडे धरून बेरीज केली की १०६७ येतात. हिजरी १०६७ म्हणजे मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूचं साल, १६५६. तीन वाक्यं, अर्थ वेगळे, बेरीज एकच.

अवांतर: आपला भुईकोट किल्ला चांदबीबीच्या लग्नात निजामशाहीनं आदिलशाहीला आंदण दिला होता. सोलापूर म्हणजे शब्दशः हुंड्यात गेलेलं गाव.

इंडीची_लेक
फिरस्ता, जामी मशीद कशी विसरलात? तिथला मेहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) सोन्यानं नि रंगांनी मढवलाय, १६३६ चं काम. त्यावर फारसी ओळी आहेत, आयुष्यावर भरवसा ठेवू नका, ते थोडंच आहे, या अर्थाच्या. एवढं सोनं ओतून हे लिहिलंय! मला तर हसू आलं होतं.

बेगमपेठ_फ्रेमवाला
ताई, रिकाम्या भिंतीवर ते लिहिलं असतं तर कुणी वर बघितलंच नसतं.

पुणेरी_पाव्हणा
माझ्या मित्रानं इस्तंबूलहून एक चौकट आणलीय. मध्ये मोठं वर्तुळ, त्यात बारीक लिखाण, चार कोपऱ्यांत चार छोटी वर्तुळं. मक्का-मदिना काही नाही. हा तुगराच का?

तिरका_कत
ती हिलया. तिकडं हिलया-इ-शरीफ म्हणतात. पैगंबरांचं चित्र काढत नाहीत, त्यांचं वर्णन लिहितात: उंची मध्यम, चाल कशी, केस कसे, बोलणं-वागणं कसं. हजरत अलींच्या तोंडचं वर्णन, तिरमिझीच्या संग्रहातून आलेलं. सतराव्या शतकात हाफिज उस्मान (१६४२–१६९८) या खत्तातानं त्याची मांडणी घडवली आणि आजतागायत तीच चालतेय. वर बिस्मिल्लाह. मधल्या वर्तुळात वर्णनाची सुरुवात, त्याला 'नाभी' म्हणतात. वर्तुळाला कवेत घेणारी सोनेरी चंद्रकोर. कोपऱ्यांत चार खलिफांची नावं. त्याखाली मोठ्या अक्षरांत एक आयत, बहुधा २१ व्या सूरेतली १०७ वी, 'आम्ही तुला साऱ्या जगांसाठी करुणा म्हणूनच पाठवलं' या अर्थाची. खालच्या पट्ट्यात उरलेलं वर्णन आणि लिहिणाऱ्याची सही. मजकूर एका माणसाचा, मांडणीही उभ्या माणसासारखी, डोकं ते घोळ. चेहरा मात्र कुठंच नाही.

सहीवरून आठवलं. तिकडं उस्तादानं इजाजत दिल्याशिवाय शिष्याला स्वतःच्या कामाखाली सही करता येत नाही. त्याआधी वर्षानुवर्षं उस्तादाचे कित्ते गिरवायचे.

साखरपेठी_माग
इथं आमच्या कामाचं पण कायतरी निघेल असं वाटलं नव्हतं. ताई, शाई-कागदाचं सांगा की. कागदावर इतकी साफ कड येते कशी?

तिरका_कत
काजळी आणि बाभळीच्या जातीचा डिंक, आठवडेच्या आठवडे घोटायचा. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीतल्या दिव्यांची काजळी वाऱ्याच्या झोतानं एका खोलीत जमेल अशी सोय बांधतानाच केली होती, तिची शाई करत. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा असतो, म्हणजे बोरू जास्त शाई उचलत नाही. तुमच्याकडचं वेस्टेज पाठवा, मला लागतं! कागदाला अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटीचा लेप देऊन अकीकाच्या दगडानं घोटतात. शाई त्या लेपावर बसते, कागदात मुरत नाही, म्हणून कड साफ येते आणि बिघडलं तर ओल्या बोटानं पुसताही येतं.

तुमच्या कामाचं म्हणजे काळ्यावर सोनेरी तुगरे. ते थेट लिहीत नाहीत. आधी कागदावर लिहायचं, अक्षराच्या कडेनं सुईनं भोकं पाडायची, तो खाका गडद कागदावर ठेवून वरून खडूची पूड थोपटायची. ठिपक्यांची रेघ उमटली की आत सोनं भरायचं. अगदी मोठं लिहायचं असेल तर चौकटींचं जाळं आखून वाढवायचं. इस्तंबूलच्या आया सोफियात मुस्तफा इज्जत एफेंदीच्या ८ गोल फलकांचा व्यास साडेसात मीटर आहे, १८४७ ते ४९ च्या दुरुस्तीतले. एवढं अक्षर एका हातानं एका दमात थोडंच निघतं? तेव्हा ग्राफला कमी लेखू नका.

साखरपेठी_माग
मग ६०० हुकांत बसेल असं यांच्याकडं काहीच नाही का?

तिरका_कत
आहे, चौकोनी कूफी. इराण-मध्य आशियातल्या इमारतींवर विटा नि टाइल्स लावून लिहायची लिपी. सगळी वळणं काटकोनात, रेघेची जाडी आणि मधली जागा सारखीच, एक वीट म्हणजे एक घर. तुमच्या ग्राफवर एकही पायरी पडणार नाही, कारण ती मुळात घरांचीच आहे. वाईट एवढंच की वाचता येत नाही. जाणकारालाही कुठून सुरुवात करायची ते शोधावं लागतं. गिऱ्हाइकाच्या आईला बैठकीत बसून आयत म्हणायची असेल तर ती तुम्हाला शिव्या घालेल. नक्षीच्या पट्ट्यात मात्र खुशाल घ्या.

६०० वरच करायचं तर मी फक्त बिस्मिल्लाह घेईन. १९ अक्षरं, सीनपासून मीमपर्यंतची लांब ओढ, नुक्ता ८-९ घरांचा मिळेल, गोलाई सुटेल.

खटका_धोटा
उशिरा आलो. मी पण त्याच धंद्यातला, एमआयडीसीत. मागवाले, दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली, तुमचे हूक इंचाला २० असतील, पण पिक (आडवे धागे)? ते २८ असले आणि तुम्ही चौरस घराचा ग्राफ घेतला तर अलिफ बुटका होणार नि नुक्ता चपटा. चेहऱ्याच्या चित्रात आपण नजरेनं सावरून घेतो, इथं ताई पट्टी घेऊन मोजणार. ग्राफचं घर पिकच्या प्रमाणात आडवं धरा.

दुसरी, माल मागावर पालथा पडतो. कार्डांची माळ कुठल्या बाजूनं ओवली ते तपासा. देवाचं चित्र उलटं पडलं तर उजवा हात डावा होतो, ते एकवेळ विकलं जाईल. आयत उलटी पडली तर अख्खा ताणा गेला. दुहेरी विणीत मागच्या बाजूला रंग पालटून अक्षर उलटं दिसणारच, त्याला इलाज नाही, मागं अस्तर लावा.

तिरका_कत
उलटं अक्षर म्हणजे नेहमी बिघाडच असं नाही हं. तुर्कस्तानात मुसन्ना म्हणून प्रकारच आहे. एकच शब्द डाव्या-उजव्या बाजूंनी आरशासारखा समोरासमोर लिहून मध्ये गुंतवायचा. बुर्साच्या मोठ्या मशिदीत असे समोरासमोरचे वाव प्रसिद्ध आहेत. अर्धाच ग्राफ काढायचा आणि पलटायचा, मागवाल्यांची चंगळ! पण आयतुल कुर्सीत नको.

फिरस्ता_४१३
काबागृहाचं आवरण, किस्वा, त्याचा अंगचा काळा कपडा आता जॅकार्डवरच विणतात. काळ्या रेशमावर काळ्याच विणीनं कलमा, उजेड तिरका पडला की दिसतो. वरचा ४७ मीटर लांब, ९५ सेंटिमीटर रुंद पट्टा मात्र हातानं भरतात, सोन्याचं पाणी दिलेल्या चांदीच्या तारेनं. पूर्वी हे आवरण इजिप्तहून यायचं, आता मक्केतच कारखाना आहे. तेव्हा 'विणलेलं चालतं का' हा प्रश्न मिटला.

खडूस_सोलापूरकर
फ्लेक्सचा प्रस्ताव मागे घेतो.

साखरपेठी_माग
गिऱ्हाइकाशी बोललो. फक्त बिस्मिल्लाह नको म्हणाले, आयतुल कुर्सीच पाहिजे, आईची इच्छा आहे. मग खटकाभाऊंकडचा २६८८ हुकांचा इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घ्यायचं ठरतंय. इंचाला ८९-९० हूक मिळतील, जबरला चार-पाच घरं तरी येतील. भाव वाढेल, ते तयार आहेत. नक्षीत चौकोनी कूफी घालतो, तेही आवडलं त्यांना.

एक शंका राहिली. आमच्यात डिझाईनवाला उजव्या कोपऱ्यात खाली आपल्या नावाची दोन अक्षरं टाकतो. इथं टाकली तर चालेल का?

बेगमपेठ_फ्रेमवाला
आयतीच्या चौकटीत नको. नक्षीच्या बाहेर, खालच्या काठावर टाका. देवनागरीत टाकलीत तरी कुणी काही म्हणणार नाही.

तिरका_कत
+१. पण त्याआधी तो व्हॉट्सॲपचा फोटो परत बघा. खाली डाव्या कोपऱ्यात काहीतरी कापलेलं दिसतंय, तिथं लिहिणाऱ्याची सही आणि साल असणार. पुढं पाठवता पाठवता कुणीतरी छाटलीय. पूर्ण चित्र शोधा, खत्तात कोण ते बघू. हयात असेल तर विचारून घ्या, नसेल तर त्याची सही आहे तिथंच विणा. ग्राफ झाला की ओळीओळीचा फोटो इथं टाका. ठिपके आणि जेर-जबर मी तपासते, फ्रेमवाले भाई त्यांच्याकडच्या छापील कुराणाशी ताडून बघतील. दोघांचं 'ठीक' आल्याशिवाय माग सुरू करू नका.

साखरपेठी_माग
चालतंय. रविवारी पहिल्या तीन ओळी टाकतो.